ते वाक्य लोंबार्डींचं नव्हे

पुण्यात मुलांच्या फुटबॉल सरावाला गेलं की कुणीतरी पालक हमखास ऐकवतात, ‘जिंकणं सगळं काही नसतं, जिंकण्याशिवाय दुसरं काही नसतंच, असं विन्स लोंबार्डी सांगून गेलेत.’ मुळात हे वाक्य त्यांचं नाही. लोंबार्डी ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले १९५९ मध्ये; त्याआधीच कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठ संघाचे प्रशिक्षक रेड सँडर्स ते बोलले होते. लोंबार्डींनी पुढे वापरलं, हे खरं. पण दोघांचेही खेळाडू मोठे होते, दहा वर्षांची पोरं नव्हेत.

परवा कोथरूडला एक छोटा गोलकीपर हातमोजे न काढताच डोळे पुसत होता. बाबा गाडी चालू करून उभे: ‘तो बॉल सुटलाच कसा?’ त्याने दोन पेनल्टी अडवल्या होत्या. ते मी मुद्दाम जाऊन सांगितलं.