वस्तूचे मिलिमीटर आणि कागदाचे मिलिमीटर

संगणकावर आरेखन शिकू लागलेल्या व्यक्तीचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ड्रॉइंग कोणत्या प्रमाणात काढायचे, एकास शंभर की एकास पन्नास? प्रश्न रास्त वाटतो, पण त्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे आणि तो नवशिक्यांपुरता मर्यादित नाही. वर्षानुवर्षे कॅडवर, म्हणजे आरेखनाच्या सॉफ्टवेअरवर, काम करणारी अनेक मंडळीसुद्धा पेपर स्पेसकडे, म्हणजे कागदाची मांडणी करण्याच्या जागेकडे, प्रिंट काढण्यापुरती केलेली सोय म्हणून पाहतात. रेषा, मजकूर, मापे आणि चौकट असे सगळे मॉडेल स्पेसमध्येच, म्हणजे वस्तू काढण्याच्या जागेतच, उरकतात आणि पेपर स्पेसचा टॅब कधी उघडतही नाहीत. मॉडेल स्पेस की पेपर स्पेस, हा निर्णय सवयीवर सोडण्याजोगा नाही, असे माझे ठाम मत आहे. ड्रॉइंगमधल्या प्रत्येक घटकाविषयी एकच प्रश्न विचारला, तर बहुतेक वेळा उत्तर आपोआप मिळते: याचा आकार वस्तूने ठरवला आहे, की वाचणाऱ्याच्या डोळ्याने?

ड्रॉइंग बोर्डावर हा प्रश्न उद्भवतच नसे. कागद मर्यादित असल्यामुळे पहिली रेघ ओढण्यापूर्वीच प्रमाण ठरवावे लागे. ४० मीटर लांबीची इमारत ए-१ कागदावर बसवायची, तर एकास शंभर प्रमाणात ती ४०० मिलिमीटर होते आणि ८४१ बाय ५९४ मिलिमीटरच्या कागदावर चौकट, मापे आणि टिपा यांना जागा उरते. एकदा प्रमाण ठरले की रेषा आणि अक्षरे एकाच कागदावर, एकाच मापपट्टीने उतरत. संगणकाने ही सक्ती काढून टाकली. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीमध्ये टीएक्स-२ या संगणकावर ‘स्केचपॅड’ तयार केले, तेव्हाच आकृती म्हणजे यंत्राच्या स्मृतीतले निर्देशक (बिंदूंची जागा सांगणाऱ्या संख्या) आणि त्यांचे परस्परसंबंध, तर पडद्यावर दिसते ते त्यांचे केवळ एक दर्शन, हा भेद स्पष्ट झाला होता. निर्देशकांना कागदाची मर्यादा नसते. आजची बहुतेक कॅड सॉफ्टवेअर प्रत्येक निर्देशक ६४ बिटांच्या दशांश संख्येत साठवतात आणि तिच्यात सुमारे १५ ते १६ सार्थ अंक मावतात. एक एकक म्हणजे एक मिलिमीटर असे मानले आणि पृथ्वीच्या परिघाइतके, म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर, मूळबिंदूपासून दूर गेलो, तरी लागोपाठच्या दोन साठवण्याजोग्या संख्यांमधले अंतर १० नॅनोमीटरपेक्षा कमीच असते. म्हणून भिंत २०० मिलिमीटर जाडीची असेल, तर ती २०० एकके जाडीचीच काढावी. मॉडेल स्पेसमध्ये प्रमाण नसते. तिथे वस्तू तिच्या पूर्ण मापाने असते.

मग प्रमाण नाहीसे झाले का? नाही, ते फक्त पुढे ढकलले गेले, कारण ड्रॉइंग वाचणारा माणूस ४० मीटरच्या कागदासमोर उभा राहणार नसतो. १९८२ मध्ये ऑटोकॅड हे कॅड सॉफ्टवेअर बाजारात आले, तेव्हा त्यात एकच स्पेस होती आणि ही अडचण उलट्या बाजूने सोडवली जाई. इमारत पूर्ण मापाची ठेवायची आणि तिच्याभोवती कागदच शंभर पट मोठा करून आणायचा. ए-१ची चौकट मग ८४.१ मीटर लांब आणि ५९.४ मीटर रुंद होई, आणि कागदावर २.५ मिलिमीटर उंचीचे दिसायला हवे ते अक्षर २५० मिलिमीटर उंचीचे लिहावे लागे. छापताना सगळे शंभराने भागले की हिशेब जुळे. ही पद्धत एका प्रमाणासाठी बिनचूक चालते. त्याच शीटवर जिन्याच्या कठड्याचा तपशील एकास दहा प्रमाणात दाखवायचा म्हटले की मात्र ती मोडते: कठड्याची प्रत काढून ती दहा पट मोठी करावी लागते, तिच्यावरची मापे खोटी येतात म्हणून तीही दुरुस्त करावी लागतात, आणि पुढे मूळ कठडा बदलला तरी ही प्रत जुनीच राहते.

१९९० मध्ये ऑटोकॅडच्या ११व्या आवृत्तीत पेपर स्पेस आली ती या अडचणीवरचे उत्तर म्हणून. फाइलच्या दृष्टीने पाहिले, तर ती आकृत्यांची दुसरी, स्वतंत्र यादी आहे. मॉडेल स्पेसच्या यादीशी तिची सरमिसळ होत नाही. तिच्यातले एक एकक म्हणजे खऱ्या कागदावरचा एक मिलिमीटर, आणि तिची छपाई सहसा एकास एक प्रमाणात होते. या कागदाला खिडक्या पाडता येतात. त्यांना व्ह्यूपोर्ट म्हणतात आणि त्यांतून पलीकडची पूर्ण मापाची वस्तू हव्या त्या प्रमाणात दिसते. मला या सगळ्या रचनेत सर्वांत सुंदर वाटतो तो हा व्ह्यूपोर्ट, म्हणून त्याच्या कामाची पद्धत थोडी जवळून पाहू.

व्ह्यूपोर्टमध्ये वस्तूची प्रत नसते. त्यात मोजकी माहिती असते: कागदावर त्याचे केंद्र कुठे आहे, कागदावर त्याची रुंदी आणि उंची किती, तो मॉडेलमधल्या कोणत्या बिंदूकडे व कोणत्या दिशेने पाहतो, दृश्य किती अंशांनी वळवले आहे, आणि मॉडेलमधली किती उंची त्याच्यात मावते. मॉडेलमधला एखादा बिंदू कागदावर आणताना संगणक आधी त्यातून दृश्यकेंद्र वजा करतो, मग उरलेला सदिश पाहण्याच्या दिशेप्रमाणे आणि वळवल्याच्या कोनाप्रमाणे फिरवतो, त्याला प्रमाणाने गुणतो आणि शेवटी व्ह्यूपोर्टचे कागदावरचे केंद्र त्यात मिळवतो. वजाबाकी, फिरवणे, गुणाकार आणि बेरीज, एवढीच ही प्रक्रिया आहे. प्रत्येक बिंदूसाठी ती दर वेळी नव्याने होते, म्हणून मॉडेलमध्ये दार सरकवले की त्या फाइलच्या सर्व शीटवरच्या, सर्व प्रमाणांतल्या दृश्यांत ते एकदम सरकते. पाहण्याची दिशा बदलली की त्याच त्रिमितीय मॉडेलमधून एका व्ह्यूपोर्टमध्ये तलचित्र आणि दुसऱ्यात दर्शनी बाजू मिळते.

यातली खरी गंमत अशी, की प्रमाण ही वेगळी साठवलेली संख्या नसून कागदावरच्या उंचीला मॉडेलमधल्या उंचीने भागून आलेले उत्तर असते. व्ह्यूपोर्ट कागदावर २०० मिलिमीटर उंच असेल आणि त्यात मॉडेलचे २०,००० मिलिमीटर दिसत असतील, तर प्रमाण एकास शंभर. आता कुणी त्या व्ह्यूपोर्टच्या आत शिरून माउसचे चाक जरासे फिरवले आणि दृश्याची उंची १९,८७० मिलिमीटर झाली, तर चित्रात डोळ्यांना फरक जाणवत नाही. प्रमाण मात्र एकास ९९.३५ झालेले असते. पाच मीटरची भिंत आता कागदावर ५० ऐवजी ५०.३ मिलिमीटर भरते आणि खाली ‘एकास शंभर’ असे छापलेले तसेच राहते. म्हणून प्रमाण ठरवताच व्ह्यूपोर्ट लॉक करावा. ही शिस्त आहे असे समजून नव्हे, तर प्रमाण हे एका भागाकारावर टांगलेले आहे हे ओळखून तो लॉक करायचा असतो.

आता डोळ्याच्या बाजूचा विचार करू. सामान्य दृष्टीच्या माणसाला दोन जवळच्या रेषा वेगळ्या दिसण्यासाठी त्यांच्यातल्या अंतराने डोळ्याशी साधारण एक कोनीय मिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतका कोन करावा लागतो. ४० सेंटिमीटरवर धरलेल्या कागदासाठी हे अंतर सुमारे ०.१२ मिलिमीटर येते. भिंतीच्या गिलाव्याची जाडी १२ मिलिमीटर धरा. एकास शंभर प्रमाणात ती बरोबर ०.१२ मिलिमीटर होते, म्हणजे नजरेच्या सीमेवर येऊन थांबते; शिवाय रेषा स्वतःच ०.२५ मिलिमीटर जाडीची असेल, तर भिंतीची कड आणि गिलाव्याची कड यांचा एकच काळा पट्टा होतो. एकास दहा प्रमाणात हाच गिलावा १.२ मिलिमीटरचा होऊन स्वच्छ दिसतो. याचा अर्थ प्रमाण बदलले की नुसता आकार बदलून भागत नाही, काय दाखवायचे तेही बदलावे लागते. त्यासाठी प्रत्येक व्ह्यूपोर्टमध्ये लेयर (ड्रॉइंगमधल्या घटकांचे नाव दिलेले गट) स्वतंत्रपणे गोठवता, म्हणजे लपवता, येतात: गिलाव्याचा लेयर तलचित्राच्या व्ह्यूपोर्टमध्ये गोठवायचा आणि तपशिलाच्या व्ह्यूपोर्टमध्ये चालू ठेवायचा. गिलावा मॉडेलमध्ये एकदाच काढलेला असतो.

अक्षरांचा आकार तर पूर्णपणे डोळ्याच्या ताब्यात असतो. तांत्रिक ड्रॉइंगसाठी ठरलेल्या अक्षरांच्या उंचीची मालिका १.८, २.५, ३.५, ५, ७, १० मिलिमीटर अशी जाते, आणि रेषांची जाडी ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ अशी. दोन्ही मालिकांत पुढची संख्या मागचीच्या सुमारे १.४१४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमूळाइतकी पट आहे. ए-मालिकेतल्या कागदांच्या बाजूही याच गुणोत्तराने वाढतात. त्यामुळे ए-१ शीट लहान करून ए-२ वर छापले, की ३.५ मिलिमीटरचे अक्षर २.५ चे होते आणि ०.३५ ची रेषा ०.२५ ची, लहान झालेल्या शीटवरही अक्षरे आणि रेषा मान्य मापांतच राहतात. कागद, अक्षर आणि रेघ यांची ही जुळणी कागदाच्या मिलिमीटरमध्ये केलेली आहे आणि वस्तूच्या मिलिमीटरशी तिचा काहीही संबंध नाही. टिपा, टायटल ब्लॉक (ड्रॉइंगचे नाव, क्रमांक वगैरे लिहिण्याची चौकट), दुरुस्त्यांची नोंद आणि दारे-खिडक्यांचे तक्ते पेपर स्पेसमध्येच ठेवावेत, याचे माझ्या लेखी हे सर्वांत भक्कम कारण आहे.

‘आता सगळे पडद्यावर आहे, त्रिमितीय मॉडेल आहे, कागदाचे दिवस संपले, म्हणून पेपर स्पेसही कालबाह्य’ अशी जाहिरातबाजी अधूनमधून कानावर येते. ती मनावर घेऊ नये. पीडीएफलाही पानाचा आकार असतो आणि टॅब्लेटच्या पडद्यालाही कडा असतात. पेपर स्पेसचा संबंध लगद्यापासून बनलेल्या कागदाशी नाही. ठरलेल्या आकाराच्या पानावर ठरलेला मजकूर एका नजरेत वाचता यावा, या गरजेशी तो आहे, आणि ही गरज कोणत्याही नव्या सॉफ्टवेअरने संपवलेली नाही.

सीमारेषेवरचे घटक मात्र विचार करायला लावतात. झाकलेली कड दाखवणाऱ्या तुटक रेषेची जागा वस्तूने ठरवलेली असते, पण तिच्या तुकड्यांची लांबी वाचणाऱ्यासाठी असते. म्हणूनच ऑटोकॅडमध्ये अशी सोय आहे, की व्ह्यूपोर्टचे प्रमाण काहीही असले तरी हे तुकडे कागदावर एकाच लांबीचे दिसावेत. हॅच, म्हणजे एखादा भाग भरणारा रेषांचा नमुना, दोन्ही प्रकारचे असू शकते. विटांचे थर दाखवणारे हॅच वस्तूचे आहे, ते प्रमाणाबरोबर लहानमोठे झालेच पाहिजे; छेद दाखवणाऱ्या तिरप्या रेषा हे चिन्ह आहे, त्यांच्यातले अंतर कागदावर स्थिर हवे. उत्तर दिशेचा बाण कागदावरचा खरा, पण व्ह्यूपोर्ट वळवला तर त्यालाही तितकेच वळवावे लागते.

सर्वांत कठीण प्रकरण मापांचे, म्हणजे डायमेन्शनचे. त्यांची टोके वस्तूला चिकटलेली असतात आणि आकडे, बाण वाचणाऱ्यासाठी असतात. मापे पेपर स्पेसमध्ये द्यावीत, तर आकड्यांची उंची सहज एकसारखी राहते. पण एके काळी एकास शंभरच्या व्ह्यूपोर्टवर पाच मीटरच्या भिंतीचे माप ५० असे येई आणि शंभराचा गुणक वेगळा द्यावा लागे. ऑटोकॅड २००२ पासून कागदावरचे माप व्ह्यूपोर्टमधून थेट मॉडेलच्या बिंदूला जोडता येते आणि ते ५००० असेच दिसते, पण हा जोड तुटला की माप पोरके होते. ऑटोकॅड २००८ मध्ये आलेल्या अ‍ॅनोटेटिव्ह पद्धतीत मापे मॉडेल स्पेसमध्येच राहतात आणि प्रत्येक मापाला कोणकोणती प्रमाणे लागू आहेत हे सांगून ठेवता येते, २.५ मिलिमीटरचा आकडा एकास पन्नासच्या व्ह्यूपोर्टसाठी १२५ आणि एकास शंभरसाठी २५० एकके उंचीचा होतो, म्हणजे कागदावर दोन्हीकडे सारखाच.

मी स्वतः मापे मॉडेल स्पेसमध्ये, अ‍ॅनोटेटिव्ह पद्धतीनेच देण्याच्या बाजूचा आहे. एकाची फाइल दुसऱ्याच्या फाइलला संदर्भ म्हणून जोडली जाते तेव्हा मॉडेल स्पेसच तेवढी पुढे जाते, पेपर स्पेस मागे राहते. शिवाय भिंत हलवणाऱ्याला तिचे माप तिथेच समोर दिसते. याउलट, एकाच कागदावर, एकाच प्रमाणात, एकदाच छापायचा छोटा यंत्रभाग असेल आणि तो पूर्ण मापाने कागदावर मावत असेल, तर वस्तूचे मिलिमीटर आणि कागदाचे मिलिमीटर एकच होतात. तिथे सगळे मॉडेल स्पेसमध्ये काढले तरी काही बिघडत नाही. असा भाग पुढे मोठ्या जुळणीत गेला आणि त्याचा दुसऱ्या प्रमाणातला तपशील लागला, तर चौकट आणि टिपा तेवढ्या पेपर स्पेसमध्ये हलवाव्यात. एका स्पेसमधून दुसरीत नेताना व्ह्यूपोर्टच्या प्रमाणानुसार आकार बदलून देणारी आज्ञा ऑटोकॅडमध्ये आहे, त्यामुळे काहीही नव्याने काढावे लागत नाही.