स्वतःला क्षमा करणे : ख्रिस्ती परंपरेतली पार्श्वभूमी

‘स्वतःला क्षमा कर’ अशी आज्ञा बायबलमध्ये कुठेही नाही. क्षमा देव करतो, आणि माणसाने माणसाला करायची असते. पण देवाने क्षमा केली तरी मन ती घेत नाही, हे दुखणे ख्रिस्ती मंडळीइतकेच (चर्चइतकेच) जुने आहे.

येशूला पैशांसाठी धरून देणारा शिष्य यहूदा याला पस्तावा झाला, त्याने पाप कबूल केले, चांदीची 30 नाणीसुद्धा परत केली. याजकांनी ‘तुझे तू बघ’ म्हणून त्याला झटकले आणि त्याने गळफास घेऊन स्वतःच स्वतःचा निकाल लावला. येशूचाच दुसरा शिष्य पेत्र, त्याने कोळशांच्या विस्तवाजवळ येशूला तीनदा नाकारले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात तसाच विस्तव आहे. तिथे येशू त्याला तीनदा प्रीतीबद्दल विचारतो आणि दर उत्तरामागे मेंढरे सांभाळायला सांगतो. पेत्राला क्षमेबरोबर कामही मिळाले.

सुरुवातीच्या मंडळीत बाप्तिस्म्यानंतरच्या गंभीर पापाला जाहीर प्रायश्चित्त होते, तेही सहसा आयुष्यात एकदाच. बळजबरी नसताना विश्वास सोडलेल्यांना 325च्या निकेया इथल्या बिशपांच्या परिषदेने 12 वर्षांचे प्रायश्चित्त लावले: 3 वर्षे उपासनेत नुसते ऐकणाऱ्या श्रोत्यांत, 7 दंडवत घालणाऱ्यांत, 2 प्रभुभोजनाविना (पवित्र भाकर-द्राक्षारसाविना) सगळ्यांबरोबर प्रार्थनेत. कडक खरेच, पण शिक्षा कधी संपणार हे ठाऊक असे. पुढे आयरिश मठवासीयांनी खासगी, पुन्हापुन्हा करता येणारी पापकबुली रुजवली. 1215च्या, रोममधल्या लॅटरन चर्च-परिषदेने ती वर्षातून एकदा सक्तीची केली.

इथून नवीच पंचाईत उभी राहिली: सगळे सांगितले ना? 1522मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे, पुढे जेझुइट संघ स्थापणारा इग्नेशियस लोयोला जुनीच पापे बारीक तपशिलांसह परत परत सांगत राहिला. ‘अगदी स्पष्ट असेल तेवढेच सांग,’ असे त्याला बजावण्यात आले, पण त्याला सगळेच स्पष्ट वाटे! आठवडाभराच्या उपासानेही फरक पडला नाही. मागचे पाप यापुढे कबूल करायचे नाही असे ठरवले, तेव्हा तो सुटला. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथरही मठात तासन्‌तास कबुली देई. त्याला वाट सापडली ती कृपेच्या शिकवणीत, म्हणजे क्षमा कमवायची नसून देव ती फुकट देतो यात.

‘स्वतःला क्षमा’ ही भाषा 20व्या शतकाच्या उत्तरार्धात समुपदेशनातून आली. काही पाळकांना ती खटकते, कारण तिच्यात माणूसच न्यायाधीश होतो. हरकत रास्त आहे. म्हणून जाणते पाळक क्रम बदलत नाहीत: पाप नेमके नाव घेऊन देवापुढे कबूल करायचे, लुबाडलेले परत देणाऱ्या बायबलमधल्या जकातदार जक्कयाप्रमाणे शक्य ती भरपाई करायची, आणि तेच पाप पुन्हा कबुलीला आणायचे नाही. भरपाई टाळली तर टोचणी राहते, आणि ती राहिलेलीच बरी. भरपाई करूनही टोचणी राहिली, तर कबुली वाढवून उपयोग नसतो; बायबलमधले 1 योहान 3:20 हे वचन तिथेच कामी येते: आपल्या मनाने आपल्याला दोषी ठरवले, तरी देव मनापेक्षा थोर आहे.