डिप्रेशनची गोळी चालू असली तरी बाळाला अंगावर पाजता येतं

"मनाच्या गोळ्या घेतल्यास तर बाळाचं दूध तोडावं लागेल" हे बाळंतिणींना वर्षानुवर्षं ऐकवलं जातंय आणि त्या भीतीनं कितीतरी जणी आतल्या आत कुढत बसतात, गोळी घेतच नाहीत. हे सरसकट खरं नाहीये. सर्ट्रालिनसारखं औषध दुधात अगदी थोडं उतरतं, म्हणून पाजणाऱ्या आईला डॉक्टर बरेचदा तेच देतात. सगळी औषधं सारखी नसतात, त्यामुळे पाजतेय हे आधी सांगा आणि चालू गोळी मनानं बंद करू नका. बाळंतपणानंतर सुरवातीचे काही दिवस आईला रडू येतं ते बहुतेकदा आपोआप ओसरतं, पण २ आठवडे उलटूनही बाळ झोपलं तरी आईला झोप नाही, कशातच जीव रमत नाही असं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, नवऱ्यानं लावला तरी चालतो.