टप उघडलं म्हणून गाडी पळत नाही

छप्पर मागे दुमडता येणारी बुटकी पेट्रोल गाडी, म्हणजे कन्व्हर्टिबल, सुसाट असणारच. आणि हायब्रिड हॅचबॅक, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, ही पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाची गाडी, ती रडतखडतच निघणार. ही समजूत फार चिवट आहे. म्हणून आधी आकडेच पाहू.

माझदाची कन्व्हर्टिबल मियाता 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात अवतरली. इंजिन 1.6 लिटर, 116 अश्वशक्ती, वजन सुमारे 970 किलो. उभ्या जागेवरून ताशी 60 मैल (सुमारे 97 किलोमीटर) गाठायला तिला साधारण साडेआठ-नऊ सेकंद लागत. टोयोटाची 2023 ची प्लग-इन (बाहेरून चार्ज करता येणारी) हायब्रिड हॅचबॅक प्रियस सोळाशे किलोच्या घरातली. तिच्यासाठी कंपनी 6.6 सेकंद सांगते.

शाळेतलं सूत्र आठवा: त्वरण म्हणजे बल भागिले वस्तुमान. प्रियसचं वस्तुमान दीडपटीहून जास्त, तरी ती पुढे. मग बल कुठून आलं?

मियाताची 116 अश्वशक्ती मिळते ती इंजिन मिनिटाला 6500 फेरे घेतं तेव्हा. निघताना ते त्याच्या आसपासही नसतं. शिवाय क्लच दाबून गिअर बदलायचा, तेवढा वेळ चाकांना ओढच नाही. विजेच्या मोटरचं तसं नसतं. तिचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, चुंबकीय क्षेत्रातल्या विद्युतप्रवाहातून येतो, त्यासाठी आधी फिरत असण्याची गरज नाही. शून्य फेऱ्यांनाही ती पूर्ण जोर लावते.

पण माझा खरा जीव जडलाय तो प्रियसच्या ग्रहमाला गिअरवर. मधोमध एक दातेरी ‘सूर्य’, त्याभोवती फिरणारे छोटे ‘ग्रह’, आणि सगळ्यांना वेढणारं आतून दातेरी कडं. (प्रवासावर परिणाम करणारे ग्रह मी एवढेच मानतो. नव्या गाडीचा मुहूर्त काढून देणाऱ्यांनी दातांची संख्या सांगावी.) सूर्याला जोडलंय जनित्र, ग्रहांच्या चौकटीला इंजिन, आणि कड्याला मोटर व चाकं. 2003 च्या प्रियसमध्ये सूर्याला 30 दात होते, कड्याला 78. त्यावरून समीकरण असं:

30 × सूर्याचे फेरे + 78 × कड्याचे फेरे = 108 × इंजिनाचे फेरे

गाडी उभी, म्हणजे कड्याचे फेरे शून्य. इंजिन 1000 वर फिरलं तर सूर्य 3600 वर फिरेल, बस्स. चाक थांबलेलं असताना इंजिन खुशाल फिरतंय, आणि क्लच नाही! जनित्राने सूर्याला जितकं अडवून धरावं, त्या प्रमाणात इंजिनाचा जोर कड्याकडे जातो. वाटणी ठरलेली, 72 टक्के कड्याला, 28 टक्के सूर्याला. सूर्याच्या वाट्याची शक्ती वीज बनते आणि तारेतून मोटरकडे, म्हणजे पुन्हा चाकांकडेच येते. पायऱ्यांचे गिअर नाहीत, त्यामुळे जोर लागेल तेव्हा इंजिनाला त्याच्या सोयीच्या फेऱ्यांवर धरून ठेवता येतं. आपल्याकडच्या इनोव्हा हायक्रॉस आणि हायरायडरच्या हायब्रिड अवतारांतही याच घराण्यातली रचना आहे.

आता एक कोडं. त्या 2023 च्या गाडीत इंजिन 150 अश्वशक्तीचं, मोटर 161 ची. बेरीज 311. मग कंपनी एकूण 220 च का सांगते? कारण मोटर शक्ती निर्माण करत नाही, फक्त पोचवते. तिला मिळणारी वीज काही बॅटरीची, काही जनित्रामार्फत आलेली इंजिनाचीच. 311 म्हणणं म्हणजे डाव्या खिशातली नोट उजव्या खिशात टाकून दोनदा मोजणं. खरे उगम दोनच, इंजिन आणि बॅटरी. 220 मधून 150 वजा केले की उरलेले सुमारे 70 बॅटरीचे. जाहिरातीत हायब्रिडच्या दोन्ही शक्ती शेजारीशेजारी छापलेल्या दिसल्या, तर मनातल्या मनात बेरीज करू नका.

आता प्रत्येक अश्वशक्तीच्या खांद्यावर किती किलो ते पाहा. जुन्या मियातात सव्वाआठच्या वर, या प्रियसमध्ये सव्वासात. पण जी दोन लिटरची मियाता 2019 पासून 181 अश्वशक्तीची झाली, तिचं वजन अजूनही 1060 किलोच्या आसपास आहे. म्हणजे सहा किलोसुद्धा नाही. ती ग्रहमालेशिवायच प्रियसच्या पुढे निघून जाते, छप्पर बंद असलं तरी.