चार्जिंगचा डबा, काळी माती आणि नवतपा

तालुक्याच्या गावात ढाब्याच्या किंवा दुकानाच्या भिंतीवर निळं सॉकेट असलेला पत्र्याचा डबा दिसला, की लोक त्याला चार्जर म्हणतात. खरं तर एसीवर चालणाऱ्या त्या डब्यात बॅटरी चार्ज करणारं काहीच नसतं. एसीची डीसी करण्याचं काम गाडीत बसवलेला किंवा स्कूटरसोबत मिळालेला चार्जर करतो. डबा फक्त गाडीला विचारतो, वीज सोडतो, मोजतो आणि वेळ आली की तोडतो. हे तोडणं भरवशाचं व्हावं यासाठीच तो बनवणाऱ्याचा बहुतेक दिवस खर्ची पडतो.

विचारण्याचा भाग त्यातल्या त्यात सोपा. चारचाकीच्या टाइप-२ प्लगमध्ये वीजवाहक पिनांशिवाय 'कंट्रोल पायलट' नावाची एक बारीक पिन असते. डबा तिच्यावर १ किलोहर्ट्झचा, अधिक-उणे १२ व्होल्टचा चौकोनी सिग्नल सोडतो. गाडी जोडली की गाडीतल्या २.७४ किलोओहमच्या रोधामुळे वरचं टोक ९ व्होल्टवर येतं. गाडी 'वीज द्या' म्हणाली, की आणखी १.३ किलोओहम समांतर जोडला जातो आणि व्होल्टेज ६ वर उतरतं. रिले, म्हणजे डब्यातला विजेने हलणारा स्विच, तेव्हाच ओढायचा. खालचं टोक मात्र उणे १२ वरच राहिलं पाहिजे, कारण गाडीत डायोड असतो. तेही वर सरकलं तर समोर गाडी नाही, ओली पिन किंवा कुणीतरी घातलेली तार आहे असं समजून रिले उघडाच ठेवायचा. सिग्नल किती टक्के वेळ वर राहतो, त्याला ०.६ ने गुणलं की गाडीला किती अँपिअर ओढायची परवानगी आहे ते कळतं. १६ अँपिअरसाठी २६.७ टक्के, १० साठी १६.७. लाईनचं व्होल्टेज खाली बसलं की डब्याने ही टक्केवारी उतरवावी, गाडी आपोआप कमी ओढते. टेबलावर तपासायला गाडी लागत नाही. एक डायोड, दोन रोध आणि एक बटण यांची 'खोटी गाडी' काही रुपयांत तयार होते.

अडचण अशी, की गावात येणाऱ्या ई-रिक्षा, मालवाहू तीनचाकी आणि स्कूटर बहुधा साध्या तीन पिनी प्लगवरच चालतात. त्यांना पायलट पिन नाही, म्हणजे विचारायचं कुणाला? तिथे डब्याच्या हातात चालू आणि बंद एवढंच उरतं, आणि चालू भारावरच तोडावं लागतं. त्यातून रिलेचे संपर्कबिंदू चिकटतात. चार्जरच्या तोंडाशी असलेला मोठा कंडेन्सर रिकामा असतो, त्यामुळे जोडताक्षणी क्षणभर शंभराहून जास्त अँपिअर खेचले जाऊ शकतात. म्हणून रिले व्होल्टेज शून्यातून जात असताना ओढतात. रिलेला स्वतःला हलायला लागणारे ८-१० मिलिसेकंद आधी मोजून ठेवायचे आणि तेवढं अगोदर कॉइलला हुकूम द्यायचा. रिले उघडल्यावर बाहेरच्या बाजूला व्होल्टेज उरलं आहे का, हेही दरवेळी तपासायचं. उरलं असेल तर संपर्क चिकटला, डबा बंद करून लाल दिवा. रिले फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा. डीपीवर किंवा खांबावर दुरुस्ती झाली, की घरात फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल होणं खेड्यात नवलाचं नाही.

आता अर्थिंग. इथे इलेक्ट्रॉनिक्स संपतं आणि माती सुरू होते.

पश्चिम विदर्भाची काळी, कापसाची जमीन ओली असताना अर्थिंगला फार चांगली. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज पाणी धरून फुगतं. उन्हाळ्यात तीच माती आकसते, धुऱ्यावर हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि अशीच एक फट गाडलेल्या पाइपाभोवतीही पडते. पाइप जमिनीत असतो, पण जमिनीला टेकलेला नसतो. त्यामुळे ऑगस्टमध्ये मोजलेला रोध मे महिन्यात कित्येक पट निघू शकतो. मोजायचं तर मेमध्येच मोजावं. मोजताना चाचणीचे दोन छोटे खिळे ओले केले तर चालतं, पण मुख्य पाइपात बादलीभर पाणी ओतून मग मीटर लावणं म्हणजे ताप मोजण्याआधी थर्मामीटर बर्फात बुडवणं.

मीठ-कोळशाचा खड्डा अजूनही चालतो, पण मीठ पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून जातं आणि जाता जाता जीआय पाइप खातं. बेंटोनाइट भरणं बरं. गंमत म्हणजे बेंटोनाइट हेही मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइटच, त्यामुळे ते कोरडं पडलं तर तेही तडकतं. खरा उपाय खोली आणि ओल. तीन मीटरच्या दोन सळया एकमेकींपासून सहा मीटरवर, शक्यतो मोरीच्या सांडपाण्याच्या बाजूला ठोकाव्यात आणि जीआय पट्टीने जोडाव्यात. मुरूम लागला तरी ठोकत राहावं, कातळ लागला तर जागा बदलावी.

हा आटापिटा का, ते एका भागाकारात कळतं. अर्थिंगचा रोध २० ओहम आहे आणि फेजची तार डब्याच्या पत्र्याला लागली. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) यावर कधीच पडणार नाही आणि पत्रा करंट घेऊन तसाच उभा राहील. गळणारा करंट ओळखून तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र पडते. स्पर्शाचं व्होल्टेज ५० च्या खाली ठेवायचं धरलं, तर तिला हिशेबाने १,६६७ ओहमपर्यंतचं अर्थिंगही पुरतं. मग अर्थिंग पाच ओहमच्या आत हवं हा आग्रह कशाला? वीज पडल्यावर सर्ज अरेस्टरला (व्होल्टेजचा अचानक लोंढा जमिनीत सोडणाऱ्या भागाला) जमिनीत वाट लागते, आणि काही गाड्या अर्थिंग कमजोर दिसलं की चार्ज व्हायलाच नकार देतात.

या नकारातूनच सगळ्यात घातक जुगाड जन्मतो. गाडी चार्ज होत नाही म्हणून सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडली जाते. गाडी चालू होते, पण आरसीसीबी पडू लागते. मग आरसीसीबीच काढून टाकली जाते. पुढे कधीतरी वादळात न्यूट्रल तुटतो आणि गाडीचा अख्खा सांगाडा २३० व्होल्टवर येतो. म्हणून डब्यातली आरसीसीबी बाहेरून सहज काढता येणार नाही अशी बसवावी आणि अर्थची तार सॉकेटपासून डिन रेलपर्यंत, म्हणजे उपकरणं बसवायच्या पट्टीपर्यंत, मध्ये न जोडता न्यावी.

आरसीसीबी घेताना तिच्या अंगावरचं चिन्ह पाहावं. नुसती नागमोडी रेघ म्हणजे एसी टाइप. ती स्वस्त असते आणि इथे निरुपयोगी. नागमोडीखाली अर्ध्या लाटांच्या टेकड्या असतील तर ए टाइप. गाडीच्या चार्जरमध्ये बिघाड होऊन डीसी गळू लागली, की ए टाइपचा लोखंडी गाभाही चुंबकत्वाने भरून जातो आणि मग एसीची गळती त्याला दिसत नाही. त्यासाठी ६ मिलिअँपिअर डीसी ओळखणारा वेगळा सेन्सर लागतो. किंमत वाचवायला सगळ्यात आधी हाच सेन्सर गाळला जातो.

न्यूट्रल तुटण्याचा दुसरा तडाखा डब्यालाच बसतो. ज्या फेजवर भार कमी, तिथलं व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं. २७५ व्होल्टचा एमओव्ही (जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा भाग) क्षणभराच्या सर्जसाठी असतो. मिनिटभर ३५० व्होल्ट मिळाले तर तो तापून जळतो, कधी बोर्डाचा कोपराही सोबत नेतो. इथे ३८५ किंवा ४२० चा एमओव्ही घ्यावा, त्याच्याआधी फ्यूज द्यावा, आणि २७० च्या वर गेल्यास भार तोडणारी सोय ठेवावी. लाईन गेली आणि आली, तर लगेच जोडू नये. पहिली दोन मिनिटं व्होल्टेज झोके खातं, आणि सगळ्या डब्यांनी एकदम भार टाकला तर २५ केव्हीएची डीपी परत बसते.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ तापलेले दिवस, हा वेगळाच परीक्षक. बाहेर ४५ अंश असताना उन्हातल्या पत्र्याच्या डब्यात ६०-६५ सहज होतात. एमसीबीची पट्टी ३० अंशांना जुळवलेली असते, त्यामुळे ६० अंशांना १६ ची एमसीबी साधारण १३-१४ अँपिअरचीच उरते. दुपारी दोनला पडणारी आणि रात्री निमूट चालणारी एमसीबी बिघडलेली नसते, तापलेली असते. तार ४ चौरस मिमी घेऊन २० किंवा २५ ची एमसीबी लावावी, दोन उपकरणांत बोटभर जागा सोडावी, डबा उत्तरेच्या भिंतीवर लावावा आणि त्यावर हवा खेळेल असा दुसरा पत्रा द्यावा. कडुनिंबाखाली लावल्यास सावली फुकट मिळते, मुंग्याही फुकट मिळतात.

उष्णतेचा संथ हल्ला कंडेन्सरवर होतो. ढोबळ नियम असा, की दर १० अंशांनी त्याचं आयुष्य निम्मं होतं. ८५ अंश, २,००० तास असं छापलेला कंडेन्सर ६५ अंशांना सुमारे ८,००० तास टिकेल, म्हणजे अकरा महिने. १०५ अंशांचा घेतला तर ३२,००० तास, साडेतीन वर्षांहून जास्त. दोन्हींच्या किमतीत फरक काही रुपयांचा.

ढिला स्क्रू याहून वाईट. १६ अँपिअरवर ५० मिलिओहमचा सैल जोड जवळपास १३ वॉट उष्णता काढतो, तीही शेंगदाण्याएवढ्या जागेत आणि सलग चार तास. इस्त्री किंवा मिक्सर एवढा वेळ चालत नाही, म्हणून त्याच सॉकेटवर वर्षानुवर्षं काही झालं नाही हा युक्तिवाद टिकत नाही. बारीक तारांच्या टोकाला फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबावी. स्क्रू टॉर्कच्या पान्याने, एमसीबीवर छापलेल्या आकड्याला आवळावा आणि वर पेनची रेघ मारावी. रेघ तुटली म्हणजे स्क्रू फिरला. खांबावरून येणारी ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर सरळ पितळी टर्मिनलमध्ये खुपसू नये, दोन धातूंचा बायमेटॅलिक लग वापरावा. सॉकेटच्या टर्मिनलला एक थर्मिस्टर (तापमान ओळखणारा रोध) चिकटवला तर जोड काळा पडण्याआधी डबा स्वतःच बंद होतो.

उरलं नेटवर्क. ते जाणारच, म्हणून ग्राहकांच्या कार्डांची यादी आणि युनिटची नोंद डब्यातच साठवावी, रेंज आली की पाठवावी.

डबा बाहेर पडण्याआधी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे तारांचं इन्सुलेशन तपासणारं मीटर, लावतात. सर्ज अरेस्टर आणि बोर्ड काढल्याशिवाय लावला तर रीडिंग खोटं येतं आणि चांगली तार बाद ठरते. केबलच्या ग्लँडसाठी पाडलेल्या, पण रिकाम्या उरलेल्या भोकांत बूच बसवतात, नाहीतर पहिल्या पावसात पाल आत येते आणि फेज-न्यूट्रलवर आडवी पडते. बसवल्यावर महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायचं. आणि मृगाचा पहिला पाऊस पडला, की अर्थिंग पुन्हा मोजून मे महिन्याच्या आकड्याशेजारी, झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायचं.