बधिरीकरण पट्टी

सुई टोचण्यापूर्वी त्वचेचा ठरावीक भाग बधिर करण्यासाठी लावली जाणारी औषधी पट्टी. तिच्यात लिडोकेन हे बधिरक बहुधा प्रिलोकेन किंवा टेट्राकेन यांच्या जोडीने असते. हेच औषध मलमाच्या रूपात लावून वरून हवाबंद चिकटपट्टी डकवण्याची पद्धतही आहे. लिडोकेन स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केले. मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग अडवून ते वेदनेचा संदेश थांबवते.

खरी अडचण अखंड त्वचेचा वरचा थर ओलांडण्याची असते. लिडोकेन आणि प्रिलोकेन सुटे असताना स्फटिकरूप असतात. पण समभागात मिसळल्यावर त्यांचा वितळणबिंदू इतका उतरतो की नेहमीच्या तापमानाला मिश्रण तेलकट द्रव होते व त्वचेत शिरू शकते. तरीही त्याला वेळ लागतोच. तासाभराने बधिरता सुमारे ३ मिलिमीटर आणि दोन तासांनी सुमारे ५ मिलिमीटर खोलवर पोहोचते. टेट्राकेनयुक्त, स्वतः उबदार होणाऱ्या पट्टीला मात्र २० ते ३० मिनिटे पुरतात.

सांगली जिल्ह्यात वैद्यकीय उपचारांसाठी ख्यातनाम असलेल्या मिरजेला आसपासच्या तालुक्यांतून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात. डायलिसिसच्या जाड सुया किंवा थॅलेसेमियाच्या मुलांना पुनःपुन्हा रक्त चढवणे अशा, आधीपासून तारीख ठरलेल्या उपचारांत या पट्टीचा उपयोग सर्वाधिक. जत किंवा कवठे महांकाळहून निघणाऱ्या पालकांना डॉक्टरांनी जागा दाखवून दिली असेल, तर प्रवासाचा वेळच औषध भिनण्याच्या कामी येतो. रुग्णालयात पोहोचून पट्टी लावल्यास तेवढीच प्रतीक्षा वाढते. गर्दीच्या लसीकरण सत्रात तासभर थांबवणे अवघडच, आणि स्नायूत लस गेल्यावरची ठणक पट्टीने टळत नाही. टोचण्याची कळ तेवढी कमी होते.

प्रिलोकेनयुक्त मिश्रणाने त्वचा काही काळ पांढुरकी पडते व शिरा आक्रसल्याने शीर सापडणे कठीण होऊ शकते. अधिक गंभीर धोका म्हणजे मेथेमोग्लोबिनेमिया, म्हणजे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटणे. तान्ह्या बाळांत आणि जी-६-पीडी या तांबड्या रक्तपेशींतील विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांत तो अधिक संभवतो. म्हणून मात्रा, क्षेत्र आणि वेळ वय-वजनानुसार डॉक्टरांनीच ठरवावी. जखमेवर किंवा डोळ्यांजवळ पट्टी लावू नये. नागिणीनंतरच्या वेदनेसाठी मिळणारी ५ टक्के लिडोकेनची पट्टी वेगळी असून सुईपूर्व वापरासाठी ती बनवलेली नाही.