वैनगंगाकाठचा झिरा आणि डोंगा

डोंग्यात (लहान होडीत) बसून काठचा झिरा (जमिनीतून झिरपून येणारं पाणी) पाहायला जाणं आज सहलीत जमा झालंय. पण डोंगा लागायचा तो गरजेपोटी. झिऱ्याचं तोंड उभ्या दरडीच्या पायथ्याशी आणि पुढ्यात डोह असला, की वरून उतरायची सोय नसे. मग मासेमारी करणाऱ्या ढिवरांचा डोंगाच कामी यायचा, आणि घरचे गुंड (पाण्याचे हंडे) भरून आणायलाही तोच.

पावसाळ्यात मुरलेलं पाणी काठाच्या रेतीतून खाली उतरतं. चिकणमातीचा नाहीतर पक्क्या खडकाचा थर लागला की आडवं सरकतं आणि दरडीत वाट मिळेल तिथून फुटतं. नदी उतरल्यावरही काठातल्या पाण्याची पातळी नदीपेक्षा उंच राहते. म्हणून झिरा खरा दिसतो तो उन्हाळ्यात. पुरात त्याचं तोंडच बुडतं. जमिनीतल्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, त्यामुळे वैशाखात ते गार लागतं आणि पौषाच्या पहाटे कोमट. बांबू रोवून डोंगा थांबवा आणि वाकून बघा: तोंडाशी रेतीचे कण उकळी आल्यासारखे वरखाली होत असतात. त्यात गुंड बुडवला तर पाणी गढूळतं. वाटीनेच भरावं लागतं.

नदीपात्रातल्या डांगरवाड्याही (टरबूज-खरबुजासारख्या वेलफळांच्या वाड्या) अशाच पाण्यावर उभ्या राहिल्या. रेतीत हातभर उकरायचं, झिरा लागला की डांगर-टरबुजाच्या वेलांना त्यातूनच पाणी घालायचं. ही जाण पिढ्यानपिढ्यांची आहे, आणि तिची नोंद फार कमी झाली याचं मला वाईट वाटतं.

१९७२ च्या दुष्काळानंतर गावोगावी बोरिंग आलं आणि पिण्यासाठी झिऱ्यावर जाणं कमी झालं. पुढे चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत बोरिंगच्या पाण्यात फ्लोराईड निघालं, तेव्हा झिऱ्यासारख्या उथळ पाण्याची किंमत पुन्हा कळली.

मोठा बदल वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरण प्रकल्पाने केला. १९८८ साली पवनी तालुक्यात त्याचं भूमिपूजन झालं, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. धरणाच्या वरच्या अंगाला जुना काठच पाण्याखाली गेला. नाग नदीतून येणारं नागपूरचं सांडपाणीही कन्हानमार्गे तिथेच पोचतं, त्यामुळे त्या भागात झिऱ्याचं चोखं पाणी शोधण्यात अर्थ उरलेला नाही. खालच्या अंगाला नदी अजून वाहती आहे, पण रेतीउपशाने पात्र खोल गेलं की काठातलं पाणीही खाली ओढलं जातं. तिकडे जायचं तर होळीनंतर, आणि धरणाची दारं उघडणार नाहीत याची आधी खात्री करून. पाणी सोडलं की दरडीला डोंगा लावणं धोक्याचं.